चारशे बारा नग, सर्व नष्ट

पाहणीला आलेल्या मुलीने आमच्या मोठ्या मशीनच्या ड्रममधून बोट फिरवलं, ते बाहेर काढून उजेडात धरलं आणि फॉर्मवर लिहिलं, ‘गाळ : नाही’. आमचं दुकान बुडालं ते त्या दिवशी. पूर त्याआधी एकोणीस दिवस येऊन गेला होता, पण त्यात दुकानात नुसतं पाणी शिरलं होतं.

आमची लाँड्री आहे. बाबांनी अडतीस वर्षांपूर्वी सुरू केली. त्यांच्या हातची खळ अशी, की शर्ट खुंटीवरून काढला तरी क्षणभर तसाच उभा राहतो, असं लोक गमतीने म्हणतात. म्हणून अख्खा रस्ता त्यांना कडककाका म्हणतो. स्वभावात मात्र कडकपणा औषधालाही नाही. तो सगळा माझ्या वाट्याला आलाय. आई इस्त्रीच्या टेबलाशी असते, मी काउंटरवर. लग्न करून गेले होते, चार वर्षांत परत आले. त्याबद्दल इथे काही सांगणार नाही.

नदीचा बांध फुटला तो मंगळवारी, भर दुपारी. आधी गटारांतून बुडबुडे आले, मग रस्ता चकाकायला लागला, आणि आईने टेबलावरची इस्त्री उचलेपर्यंत पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं. हाताला लागेल ते घेऊन आम्ही गच्चीत पळालो. गुरुवारी पाणी ओसरलं. खाली आलो तर भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर तपकिरी रेघ, खाली घोटाभर चिखल, आणि कपाटांतून, फडताळांतून, जमिनीवरून लोकांचे कपडे. त्रेसष्ट घरांचे, चारशे बारा नग. कुठला शर्ट आणि कुठलं पायपुसणं, ओळखू येत नव्हतं.

मी मशीनकडे गेले. त्याचं पॅनेल जळलं होतं, ड्रम जागचा हलत नव्हता. ते मशीन म्हणजे आमचं पोट. वसतिगृहाच्या चादरी, पलंगपोस, टॉवेल असा आठवड्याला ढीग यायचा, आणि दुकान त्या ढिगावर चालायचं. शर्ट-पँटच्या इस्त्रीवर चहासाखर निघते, फार तर. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने माणुसकी दाखवली. म्हणाला, “काका, दोन महिने मी कुठूनतरी भागवतो. त्यापुढे मला दुसऱ्याला द्यावं लागेल.” म्हणजे दोन महिन्यांत नवीन मशीन आणायचं, नाहीतर शटर ओढायचं. एवढा साधा हिशेब होता.

आणि मशीन येणार होतं. का नाही येणार? देशाची विमा योजना होती ना. दरवर्षी परवान्याचं नूतनीकरण करताना तिची वर्गणी आपोआप कापली जाते, घरांची घरपट्टीबरोबर. कोणाला विचारत नाहीत, घेतात. आपत्ती जाहीर झाली की नुकसानाप्रमाणे भरपाई. शुक्रवारी सकाळी रेडिओवर आपत्ती जाहीर झालीसुद्धा. आईने हात जोडले. मीही मनातल्या मनात मशीनचा रंग ठरवून टाकला.

बाबा मात्र कपड्यांसमोर उकिडवे बसले होते.

“तीन दिवस झाले,” ते म्हणाले. “आज पाण्यातून काढले नाहीत तर बुरशी धरेल. काळे ठिपके पडले की ते ब्रह्मदेवाच्या बापाला निघायचे नाहीत.”

त्याच दुपारी योजनेची गाडी भोंगा लावून फिरली. पाहणी होईपर्यंत नुकसान झालेल्या वस्तू हलवू नयेत, जागा साफ करू नये, आहे त्या स्थितीत ठेवावी. घरांनी सात दिवसांत फॉर्म भरून द्यावा, दुकानांकडे पाहणी पथक येईल. मी हे कानांनी ऐकलं, आणि बाबांना सांगितलंही.

“आपलं काय ते ठेव जसंच्या तसं,” बाबा म्हणाले. “लोकांचे कपडे कसे ठेवू? ते आपले आहेत का?”

“पण बाबा, तेच तर दाखवायचंय.”

“काय दाखवायचं? लोकांनी विश्वासाने दिलेले कपडे आपण कसे कुजवले ते?”

मी दोन शिव्या पुराला दिल्या, एक योजनेला दिली आणि बाह्या सरसावल्या.

अकरा दिवस. वीज नाही, फोन मेलेले, नळाला पाणी नाही. टँकर यायचा तेव्हा आम्ही गच्चीवर पिंपं भरून घ्यायचो. चिखलाच्या कपड्याला पहिल्यांदा साबण लावायचा नसतो, गरम पाणी तर अजिबात नाही. गाळ धाग्यात कायमचा बसतो. तीनदा नुसत्या गार पाण्यातून काढायचा, मग सोडा, मग साबण, मग पुन्हा दोन पाणी. चारशे बारा वेळा हे. शाळेच्या मोठ्या बाईंचा एक जांभळा लोकरी कोट होता. तो पिळता येत नाही, टांगता येत नाही, खांदे ओघळतात. बाबांनी तो टॉवेलवर आडवा पसरला आणि तीन दिवस तासातासाने उलटत राहिले. आजारी माणसाची कूस बदलतात तसे. आई कोळशाच्या जुन्या इस्त्रीने हात भाजून घेत होती. माझ्या बोटांची सालं निघाली.

आणि घाणेरड्या जागेत धुतलेला कपडा आणून ठेवता येतो का? म्हणून दुकान घासलं. फडताळं घासली. मशीन आतून-बाहेरून पुसलं, कारण ड्रमवर घड्या ठेवायला जागा हवी होती. भिंतीवरची तपकिरी रेघ सोड्याच्या पाण्याने मी स्वतः पुसली. दुसऱ्या कोणी नाही, मीच. पांढरी भिंत दिसली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करते.

बाराव्या दिवशी आम्ही घरोघरी कपडे पोचवले. पैसे घेतले नाहीत; बाबा म्हणाले, या दिवसांत कसले पैसे. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. औषधवाल्याच्या बायकोने नवऱ्याचा पांढरा शर्ट नाकाशी धरून वास घेतला आणि तिथेच जिन्यावर बसली. मोठ्या बाईंनी कोट छातीशी धरला, म्हणाल्या, “कडककाका, घरात सुकी अशी ही एकच वस्तू आहे बघा.” बाबा दोन दिवस हवेत होते.

मग एकोणिसाव्या दिवशी ती पाहणीवाली आली. गमबूट घातलेली, गळ्यात ओळखपत्र, वागायला चांगली. आत येताना बूट काढू का म्हणून विचारलं तिने. आम्ही काढू नका म्हटलं. तिथेच समजायला हवं होतं.

“नुकसान कुठे आहे?” तिने विचारलं.

“हे काय, मशीन.”

तिने बोट फिरवलं. ते वर सांगितलंच.

“चालत नाही,” मी म्हटलं.

“ते दिसतंय ताई. पण का चालत नाही, ते मी कसं सांगू? जुनं पण दिसतंय. पाणी कुठवर होतं?”

मी हाताने भिंतीवर दाखवलं. पांढऱ्या भिंतीवर माझा हात. तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“फोटो?”

“फोन बंद होते. आणि हात सोड्यात होते.”

“ग्राहकांचा माल?”

“धुवून परत केला,” बाबा अभिमानाने म्हणाले. “एक नग कमी नाही.”

मागच्या दोरीवर कोणाची तरी दोन धोतरं नि चार परकर वाळत होते. ते पाहून तिने ‘व्यवसाय सुरू : होय’ अशी खूण केली. तिच्या फॉर्मवर तीन वर्ग होते. अ म्हणजे पूर्ण नुकसान, ब म्हणजे अर्धवट, क म्हणजे किरकोळ. आम्हाला क मिळाला. क वर्गाला साफसफाईचा खर्च मिळतो. आणि साफसफाई आम्ही केलीच होती, त्यामुळे अगदी नियमात बसलं म्हणायचं.

जाताना ती हळूच म्हणाली, “काका, पहिल्या आठवड्यात आले असते तर बरं झालं असतं. पण आम्ही चौघी आणि दुकानं अकराशे.” मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहून तेही जमलं नाही. रागालासुद्धा जागा ठेवली नव्हती मेल्यांनी.

आमच्या शेजारी पडदेवाल्याचं दुकान आहे. पाणी ओसरलं त्या दिवशी त्याने कुलूप ठोकलं आणि मेव्हणीकडे जाऊन राहिला. पाहणीच्या दिवशी परत आला. नाकाला रुमाल लावून कुलूप काढलं, आणि आतून असा भपकारा आला की पाहणीवाली उंबऱ्यावरूनच मागे फिरली. वर्ग अ. पंधरा मिनिटांत काम झालं. नुकसानाला वास असावा लागतो, हे आमच्यासारख्या शहाण्यांना कोण सांगणार?

“तुम्ही धुतलंत, तिथेच चुकलात,” पडदेवाला मला म्हणाला. तो वाईट माणूस नाही. सल्ला फुकट देतो इतकंच.

अपील मी लिहिलं. डोक्यात तिडीक गेली की माझं अक्षर चांगलं येतं. तीन पानं लिहिली. आम्ही काय केलं, कसं केलं, का केलं. सोबत यादी जोडली: त्रेसष्ट घरं, पत्ते, कोणाचे किती नग भिजले आणि कोणाला किती परत केले. शेवटी लिहिलं, ‘आमच्या शब्दावर विश्वास नसेल तर यांना विचारा.’ बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “जरा जास्त झालंय.” मी म्हटलं, “कमीच आहे.” आणि देऊन आले.

योजनेच्या कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं, दोन-चार ग्राहकांची सहीची पत्रं लावलीत तर जोर येईल. एवढंच ना, म्हणून मी उड्या मारत निघाले. ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते दोन ओळी लिहून देणार नाहीत?

औषधवाला म्हणाला, “देतो ना, का नाही. जरा हा आठवडा जाऊ दे.” आठवडा गेला, तो दुकानातून मला पाहून मागच्या खोलीत गेला. दुसऱ्या एका घरात दारच उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता. तिसरीकडे म्हणाले, सह्यांच्या भानगडीत आम्ही पडत नाही. मोठ्या बाईंकडे मी शेवटी गेले, कारण त्या नाही म्हणणारच नाहीत अशी खात्री होती.

“अगं, मुख्याध्यापिका म्हणून मला असं लिहून देता येत नाही,” त्या म्हणाल्या.

“मुख्याध्यापिका म्हणून नका देऊ. कोट भिजला होता म्हणून द्या.”

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. वर्गात पोरांचं पानही हलू देत नाही ही बाई, आणि माझ्याशी नजर मिळवता येईना. मी तिरीमिरीत निघून आले. रस्त्यात पडदेवाला भेटला. त्याच्यापुढे सगळा राग ओकले.

“तू एवढी हुशार, आणि तुला कळलं नाही?” तो म्हणाला. “त्यांनी ते कपडे फॉर्मात लावलेत.”

“कसले कपडे?”

“लाँड्रीतले. घरांच्या फॉर्मात एक ओळ होती. धुण्याला, दुरुस्तीला बाहेर दिलेल्या आणि नष्ट झालेल्या वस्तू. पूरग्रस्तांच्या छावणीत फॉर्म भरून देणारा माणूस प्रत्येकाला विचारत होता, लाँड्रीत काही होतं का? मग लिहा. सातव्या दिवसाच्या आत द्यायचे होते फॉर्म. तुम्ही कपडे दिलेत बाराव्या दिवशी.”

मला वाटलं होतं की लोक कृतघ्न आहेत. तसं असतं तर सोपं होतं. त्यांनी फॉर्म भरला तेव्हा त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंच लिहीत होते. मग आम्ही इस्त्री करून, घडी घालून, हसत हसत त्यांच्या दारात त्यांचं खोटं नेऊन दिलं. आणि त्यानंतर एकाही घराला कार्यालयात जाऊन ती ओळ खोडावीशी वाटली नाही. त्रेसष्टातल्या एकालाही नाही. हे मी विसरणार नाही.

पण त्याहून वाईट गोष्ट मला रात्रीच्या जेवणापर्यंत कळली नाही. घास तोंडात असताना आठवलं, की मी यादी दिलीये. पत्त्यांसकट.

आठवड्याने नोटिसा आल्या. एक आम्हाला सुनावणीची, आणि त्रेसष्ट घरांना साक्षीला हजर राहण्याची. त्या संध्याकाळी मोठ्या बाई दुकानात आल्या. काउंटरपाशी उभ्या राहिल्या आणि माझ्याशी न बोलता बाबांना म्हणाल्या, “कडककाका, माझं चुकलं.”

बाबांनी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

“आई अंथरुणाला खिळलीये, तुम्हाला माहीत आहे. तिची गादी वाहून गेली. त्या कोटाचे नि बाकी कपड्यांचे जे पैसे आले त्यातून तिची गादी घेतली. आता परत कर म्हणाले तर कुठून करू? आणि खोटा दावा म्हणून नाव लागलं तर नोकरी राहील का?”

“मग आधीच खोडायचं होतं,” मी म्हटलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “रोज जाईन जाईन म्हणत होते.”

त्या गेल्यावर आई म्हणाली, “यादी मागे घेता येत नाही का?” मी म्हटलं, “का घ्यायची? आपण चोरी केलीये का?” बाबा दोरीवरचे कपडे काढत होते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. रागावले नव्हते. विचार करत होते, आणि त्यांना विचार करताना बोलता येत नाही.

सुनावणीच्या दिवशी कार्यालयाचा बोळ भरला होता. बाकं भिंतीला स्क्रूने आवळलेली, आणि त्यावर आमचं सगळं गिऱ्हाईक ओळीने बसलेलं. अर्ध्याहून अधिक जणांच्या अंगावर आमच्या हातचे कपडे. दुसरे होतेच कुठे त्यांच्याकडे? औषधवाल्याच्या शर्टाची कॉलर मी ओळखली. मोठ्या बाई जांभळा कोट घालून आल्या होत्या. बाहेर थंडी होती. आम्ही मधून चालत गेलो तसे सगळे पाय आखडून घेत गेले. एरवी कडककाका म्हणून हाक मारल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी माणसं.

सुनावणी अधिकारी सर्दीने बेजार झाला होता. नाक पुसत त्याने आमची फाईल उघडली. माझी तीन पानं त्याने वाचली होती. एका ठिकाणी पेन्सिलीची रेघही होती.

“अडचण अशी आहे,” तो म्हणाला, “तुमच्या या त्रेसष्ट ग्राहकांच्या फॉर्मप्रमाणे तुमच्या दुकानातला त्यांचा सगळा माल नष्ट झाला. योजनेने त्याचे पैसेही दिलेत. तुम्ही म्हणता, सगळा परत केला. दोन्ही खरं असू शकत नाही.”

“आम्ही म्हणतो ते खरं आहे,” मी म्हटलं.

“असेल. मग त्यांना वसुली लागेल, दंड लागेल, आणि पाच वर्षं योजनेतून बाहेर. तुमचा वर्ग बदलणार नाही. माल शाबूत, मशीनमध्ये गाळ नाही, व्यवसाय सुरू. क.” त्याने पान उलटलं. “पण ग्राहकांचा माल नष्ट झाला असं तुम्ही मान्य केलंत, तर एवढा माल ज्या पाण्यात नष्ट झाला त्यात मशीन वाचलं असं कोणी म्हणू शकत नाही. मग वर्ग अ. कागद जुळतात. बाहेरच्या कोणाला आत बोलवायची गरज पडत नाही.”

“म्हणजे खोटं लिहा म्हणताय तुम्ही?”

“मी काहीच म्हणत नाही. मी रकाने वाचून दाखवतोय.”

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी विचारलं, “नष्ट म्हणजे नक्की काय लिहायचं असतं, साहेब?”

“ग्राहकांचे कपडे, नग चारशे बारा. दुकानदाराच्या ताब्यात असताना सर्व नष्ट. परत करता आले नाहीत. खाली सही.”

“साहेब, अडतीस वर्षांत माझ्या हातून एक रुमाल हरवलेला नाही.”

अधिकाऱ्याने नाक पुसलं. “त्याला रकाना नाही, काका.” हे तो उपहासाने बोलला नाही. खरंच शोधून सांगितल्यासारखं बोलला.

मला ओरडायचं होतं. दार उघडून बोळातल्या एकेकाला उभं करून विचारायचं होतं, हा शर्ट कोणी धुतला, ती कॉलर कोणी घासली, त्या कोटाची कूस तीन दिवस कोणी बदलली. मी अर्धी उठलेही. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांच्या हाताची सोललेली कातडी अजून नीट भरली नव्हती, खरखरीत लागला. मी बसले.

आणि खरं सांगायचं तर बाबांच्या हातामुळे बसले नाही. मलाही मशीन हवं होतं. त्या अधिकाऱ्याने ‘वर्ग अ’ म्हटलं तेव्हा मला आनंद झाला होता, आणि तो मी रागाखाली झाकला. बाबांना त्रेसष्ट घरं वाचवायची होती. मी त्यांच्या चांगुलपणाच्या आडोशाला उभी राहून मशीन घेतलं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

बाबांनी सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं. अधिकारी म्हणाला टाइप करून देतो, तर म्हणाले नको. चारशे बारा हा आकडा लिहून अक्षरांतही लिहिला. सही केली, पेनाला टोपण लावलं आणि पेन दोन्ही हातांनी परत दिलं.

बोळात आम्ही आलो तेव्हा शिपाई सगळ्यांना सांगत होता, जा, साक्ष नको. लोक उठले. कोणी आभार मानले नाहीत. कशाचे मानणार होते? औषधवाल्याने लांबून हात जोडल्यासारखं केलं आणि लगेच खिशात घातले. बाबा सगळ्यांना म्हणाले, “सावकाश जा, पायऱ्या ओल्या आहेत.”

मशीन दोन आठवड्यांत आलं. राखाडी रंगाचं, आवाज न करणारं. वसतिगृहाचं काम राहिलं, दुकान राहिलं. योजनेच्या नियमाप्रमाणे निकालांची यादी कार्यालयाच्या फळ्यावर लागली, त्यात आमच्या दुकानाचं नाव होतं आणि पुढे ते वाक्य. ते वाचायला कोण जातंय, असं मला वाटलं होतं. पण पुरानंतर गावात बरीच नवी माणसं राहायला आली, भाडी उतरली होती म्हणून, आणि नवी माणसं सगळं वाचतात. जुनी माणसं त्यांना काही सांगत नाहीत. सांगणार तरी काय? आपले कपडे परत मिळाले म्हणून? मग हळूहळू जुन्यांनीही ते वाक्य पाठ केलं. औषधवाल्याच्या बायकोला मी एकदा दुकानासमोर कोणाला तरी सांगताना ऐकलं, “हो ना, पुरात बिचाऱ्यांचं सगळ्यांचंच गेलं बघा लाँड्रीत, आमचेही शर्ट गेले.” ती खोटं बोलत नव्हती. तिला आता तसंच आठवत होतं.

गेल्या सोमवारची गोष्ट. सकाळची वेळ, मोठ्या बाई चादरी आणि अभ्रे घेऊन आल्या होत्या. त्या येतात, न चुकता येतात, जरा जास्तच कपडे आणतात. मी त्यांचे नग मोजून पावती करत होते. तेवढ्यात औषधवाल्याच्या माडीवर नुकतीच राहायला आलेली एक तरुण बाई आत आली. हातात नवऱ्याचे दोन सूट. बाबांनी पुढे होऊन कापड चिमटीत धरलं, अस्तर उलटून पाहिलं. चांगलं कापड पाहिलं की अजूनही त्यांचा चेहरा उजळतो.

“उत्तम माल आहे,” ते म्हणाले. “गुरुवारी देतो.”

ती घुटमळली. “काका, राग मानू नका. पण नवीन आहे ना मी, म्हणून विचारते. पुरात तुमच्याकडून सगळ्यांचे कपडे गेले असं ऐकलं. ते खरं का?”

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या तिच्या शेजारीच, हातभर अंतरावर होत्या. दोन शब्द पुरे होते. कोणता कागद नाही, सही नाही, दंड नाही, एका अनोळखी मुलीला काउंटरवर म्हणायचं होतं, “नाही गं, माझे मिळाले.” त्यांचे ओठ हलले असं मला वाटलं. मग त्यांनी काउंटरवरचे अभ्रे पुन्हा आपल्याकडे ओढले आणि पहिल्यापासून मोजायला लागल्या.

“खरं आहे,” बाबा म्हणाले.

“मग असं करूया का?” ती बाई म्हणाली. चांगली होती, तिला अवघडल्यासारखं झालं होतं. “आत्ता एकच देते. तो नीट परत आला, की मग दुसरा आणते.”

“चालेल ना,” बाबा म्हणाले. त्यांनी दुसरा सूट नीट घडी घालून तिच्या हातात दिला आणि पावतीवर लिहिलं, नग एक.